गिळलेला स्वर

फार पूर्वीची गोष्ट. एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. डोंगरावर देवीचं देऊळ, देवळाच्या दारावर नगारखाना, आणि नगारखान्यात रोज सकाळी सनई वाजवणारा एक तरुण सनईवाला.

सनई एकट्याने वाजत नाही. एक जण वाजवतो आणि शेजारी बसलेला दुसरा सूर धरतो. सूर धरायचा म्हणजे दुसऱ्या सनईतून एकच एक स्वर, मध्ये न तोडता, गाल फुगवून, शेवटपर्यंत चालू ठेवायचा. ऐकणाऱ्याला वाटतं, त्यात काय मोठंसं! ज्याला असं वाटतं त्याने एकदा स्वतः फुंकून बघावं, म्हणजे डोळे कसे पांढरे होतात ते कळेल.

आपल्या सनईवाल्याजवळ एक म्हातारे गृहस्थ सूर धरायचे. आधी ते सनईवाल्याच्या वडिलांसाठी सूर धरायचे. वडील गेले, सनई मुलाच्या हातात आली, आणि म्हातारे आपल्या जागेवर तसेच बसून राहिले. सनईवाला त्यांना काका म्हणायचा. नात्याचे ते कुणी नव्हते. पण त्याची आई लहानपणीच गेली होती, लग्न अजून झालं नव्हतं, आणि वडील गेल्यापासून घरात चुलीचा आणि मांजराचा काय तो आवाज. दिवसभरात त्याच्याशी दोन शब्द बोलणारं माणूस म्हणजे काका. आणि काका तर दोनच शब्द बोलणारे.

या गावाची एक रीत होती. वर्षातून एकदा देवीची पालखी गावातून फिरून डोंगर चढायची. शेवटच्या पायऱ्या फार उभ्या होत्या. पालखीची झूल लोंबत असल्यामुळे मागच्या भोयांना पायरी दिसतच नसे. म्हणून नगारखान्यातून सनईवाला एक जलद तान घ्यायचा. तिला सगळे चढाची तान म्हणायचे. तान गरगर फिरत वर चढायची, आणि तिची एक फिरकी पुरी झाली की भोयांनी एक पायरी चढायची. डोळ्यांनी बघायचं नाही, कानांनी चढायचं. भोयांच्या पिढ्यान् पिढ्या अशाच चढल्या होत्या.

यंदा ही तान पहिल्यांदाच आपल्या सनईवाल्याला घ्यायची होती. वडिलांची तान गावाने इतकी वर्षं ऐकलेली. आता मुलगा कशी घेतो याकडे सगळ्यांचे कान.

त्याची बोटं वेगवान होती, दम चांगला होता, सनईच्या तोंडाची पत्ती स्वतः घासून बसवायचा तीही सुरेख. फक्त एका जागी घोटाळा होता. तान संपत आली की शेवटून दुसऱ्या फिरकीत त्याची अनामिका मधल्या बोटाच्या मागे राहायची. बोट उशिरा उठलं की एक स्वर गिळला जायचा. अगदी डोळ्याची पापणी लवावी एवढ्या वेळात.

तो गिळला गेला की काका आपला सूर थांबवायचे. रागवायचे नाहीत, मान हलवायचे नाहीत. नुसती सनई तोंडातून काढून मांडीवर ठेवायची. सूर थांबला की सगळं कसं उघडं पडतं! भर सभेत डोक्यावरचं पागोटं कुणी उचलून न्यावं तसं सनईवाल्याला व्हायचं.

"काका, सूर का सोडलात?"

"स्वर गिळलास."

"एवढ्या वेगात कोण ऐकतंय?"

"पाय ऐकतात, लेका. हळू घे. एकेक स्वर सुटा काढ. तो साफ निघाला की मग थोडा वेग वाढव. पुन्हा गिळलास तर पुन्हा हळू."

आता हळू वाजवणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच माहीत. जलद तान हळू वाजवली की तिच्यात काही राहत नाही. ती ना गोड लागते, ना ऐकणारा कुणी थांबतो. आपणच आपल्याला शिकाऊ वाटायला लागतो. सनईवाला हळू सुरुवात करायचा, पण दोन घटका गेल्या की बोटांना धीर निघायचा नाही. ती सुटायची भरधाव, आणि नेमकी त्याच जागी अडखळायची. काकांची सनई मांडीवर. पुन्हा सुरुवात. पुन्हा मांडीवर.

एक दिवस त्याला हे सहन झालं नाही.

"काका, खरं सांगा. तुम्हाला माझ्या वडिलांचीच सनई ऐकायची असते. मी काही केलं तरी तुम्हाला बरं वाटायचं नाही."

काकांनी मांडीवरची सनई उचलली.

"उद्यापासून तुम्ही येऊ नका. माझा मी रियाज करीन. आणि पालखीच्या दिवशी सूर धरायला मला माणसं पुष्कळ मिळतील."

काकांनी आपली सनई फडक्यात गुंडाळली. "बरं," म्हणाले आणि नगारखान्याचा जिना उतरून गेले. खरं तर त्यांनी एकदा वळून बघितलं असतं तर सनईवाल्याने त्यांना हाक मारली असती. पण काका वळले नाहीत आणि याने हाक मारली नाही. माणसं अशीच दुरावतात, त्याला फार मोठं कारण लागत नाही.

दुसऱ्या दिवसापासून सनईवाला रियाजाला डोंगराच्या मागच्या बाजूला जायला लागला. तिथे खडकात खोदलेलं पाण्याचं एक मोठं टाकं होतं, कोरडं पडलेलं. आत उतरून त्याने सनई फुंकली आणि तो चकितच झाला. आवाज खडकावर आपटून घुमून परत येत होता, दुप्पट भरदार होऊन. त्याने चढाची तान घेतली, पूर्ण वेगात. कुठे अडखळली नाही! पुन्हा घेतली. पुन्हा साफ! आनंदाने त्याचे डोळे भरून आले.

त्याला काय माहीत, की अनामिका अजून तशीच उशिरा उठत होती. फक्त आधीच्या स्वराचा घुमारा मागून येऊन ती फट बुजवत होता. खडकाला काय, जे येईल ते गोड करून परत द्यायचं एवढंच ठाऊक.

वरच्या रानात लाकडं गोळा करायला बायका यायच्या. त्या टाक्याच्या काठावर उभ्या राहून ऐकायच्या.

"अगं बाई, काय वाजवतोय हा! बापाच्या वरताण निघाला."

अशी वाहवा त्याही काळी फुकट मिळायची. सनईवाला रोज तिथे जायचा, तान घ्यायचा, घुमारा ऐकायचा आणि परत यायचा. मात्र एक गोष्ट त्याला सतावायची. बायका मोळ्या घेऊन निघून गेल्या की टाक्यात फार सुनं वाटायचं. एवढी सुंदर तान झाली, तर शेजारी वळून कुणाला तरी म्हणावंसं वाटायचं, "बघा, आली की नाही?" शेजारी खडक असायचा. मग तो सनई पिशवीत घालायचा आणि घरी येऊन मांजराला भाकरीचा तुकडा टाकायचा.

काकांच्या घरावरून जाताना तो मान खाली घालून जायचा.

पालखीचा दिवस आला. नगारखान्यात सनईवाला नवं पागोटं बांधून बसला. शेजारी सूर धरायला बाजारातला एक हसतमुख माणूस आणला होता. त्याचा सूर काही वाईट नव्हता.

खाली पायऱ्यांपाशी मात्र एक अडचण झाली होती. मागच्या दांडीचा एक भोई सकाळीच तापाने आडवा पडला होता. त्याच्या जागी कुणाला घ्यावं याची चर्चा चालली होती, तेवढ्यात काका पुढे आले.

"माझा खांदा रिकामाच आहे," ते म्हणाले.

भोयांचा म्होरक्या हसला. "काका, या वयात?"

"तरणा होतो तेव्हा किती वर्षं वाहिली आहे पालखी! विसरलो नाही अजून. मागच्या दांडीला द्या मला."

वरून सनईवाल्याला गर्दीतली पागोटी तेवढी दिसत होती. मागच्या दांडीखाली कोण आहे, हे त्याला कळायला मार्ग नव्हता.

पालखी पायऱ्यांशी आली. चौघडा थांबला. सनईवाल्याने दम भरला आणि चढाची तान सुरू केली. एक फिरकी, एक पायरी. पुढची फिरकी, पुढची पायरी. तान सरसर चढत होती, पालखी चढत होती, लोकांनी हात जोडले होते. सनईवाल्याचं मन भरून आलं. आज वडील असायला हवे होते असं त्याला वाटलं.

आणि शेवटून दुसऱ्या फिरकीत अनामिका उशिरा उठली.

इथे खडक नव्हता, घुमारा नव्हता. वर मोकळं आभाळ होतं. गिळलेला स्वर गिळलेलाच राहिला आणि फिरकी तेवढी आखूड झाली. भोयांनी पाय टाकला तो वेळेआधी, आधीचा पाय अजून नीट टेकलाही नव्हता. पुढचे दोघे लटपटले. पालखी मागे कलली. गर्दीतून किंकाळी उठली.

पण मागच्या दांडीखाली एक माणूस असा होता, की ज्याने तो पाय टाकलाच नव्हता. तो आपल्या पायरीवर घट्ट उभा होता. सगळी पालखी त्याच्या खांद्यावर आली. काहीतरी कडकन मोडल्याचा आवाज झाला, तरी तो हलला नाही. तेवढ्यात बाकीच्यांनी पाय सावरले, चार हात पुढे झाले आणि देवी वाचली. मग तो माणूस पायरीवर खाली बसला, त्याला उठता येईना.

सनईवाला जिना उतरून धावत आला. लोकांना बाजूला सारून बघतो तर काका! गुडघा वाकडा होऊन पडलेला, चेहरा पांढराफटक.

"काका, तुम्ही? तुम्ही इथे कशाला आलात?"

काकांना बोलायला कष्ट पडत होते. "तुझी तान कुठे तुटणार ते मला एकट्यालाच ठाऊक होतं," ते म्हणाले. "मग दुसऱ्या कुणाला तिथे उभं करू?"

सनईवाला तिथेच पायरीवर बसून रडला. रडून गुडघा बरा होत नाही.

काकांचा पाय कायमचा अधू झाला. नगारखान्याचा जिना चढणं संपलं, सनई संपली. दूरच्या एका गावी त्यांची लेक दिली होती. ती बैलगाडी घेऊन आली आणि वडिलांना घेऊन निघाली. सनईवाला गाडीबरोबर वेशीपर्यंत चालत गेला.

"काका, तान साफ झाली की मी येईन. तुम्हाला ऐकवायला."

"ये," काका म्हणाले. "पण घाई करू नको."

गाडी वळणापलीकडे दिसेनाशी झाली. सनईवाला बराच वेळ वेशीत उभा होता.

गावाने त्याला घालवून दिलं नाही, पण पुढच्या वर्षी पालखी चढली ती सनईशिवाय. भोयांच्या पुढे एक माणूस ओरडत चालला, "पायरी! पायरी!" आणि देवी तशीच वर गेली. त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच. सनईवाल्याला कुणी टोचून बोललं नाही. लोक त्याच्याशी नीट बोलायचे, हवापाण्याचं बोलायचे. तानेचं कुणी काढायचं नाही. ते न काढणंच त्याला जास्त लागायचं.

टाक्याकडे तो पुन्हा फिरकला नाही. त्याच्या घरामागे कडबा रचून ठेवायची एक पडवी होती. कडब्यात आवाज घुमत नाही. स्वर सनईतून निघाला की तिथल्या तिथे पडतो, जसा असेल तसा. त्या पडवीत बसून तो वाजवायला लागला. तानसुद्धा नाही, नुसते दोन स्वर. मधल्या बोटाचा आणि अनामिकेचा. हळू. इतके हळू, की शेजारीण कुंपणावरून डोकावून म्हणाली, "का हो, सनई बिघडली का?"

"सनई नाही, मी बिघडलोय," तो म्हणाला.

दोन स्वर साफ आले की तिसरा जोडायचा. तिसरा जोडला की पहिले दोन बिघडायचे. मग पुन्हा दोन. कधी कधी त्याला सगळं सोडून द्यावंसं वाटायचं. पत्ती सुकायची, ओठ सोलवटायचे, पावसाळा जाऊन थंडी यायची, आणि फिरकी होती तिथेच. कसलाही घुमारा नाही, वाहवा नाही. काकांनी सूर थांबवला की पूर्वी त्याला राग यायचा. आता कुणी थांबवणारं नव्हतं. चुकला तरी पडवीत काहीच व्हायचं नाही. आपली चूक आपणच ऐकायची आणि आपणच थांबायचं, याच्याएवढं एकाकी काम दुसरं नसेल.

सूर धरायला तो बाजारातल्या त्याच हसतमुख माणसाला बोलवायचा.

"हे बघा, मी स्वर गिळला की तुम्ही सूर थांबवायचा."

"हो हो, थांबवतो की."

तान व्हायची. सूर कधी थांबायचा नाही.

"अहो, आत्ता गिळला ना मी!"

"होय का? मला तर झकास वाटली. तुम्ही कुठे चुकता हो?"

तो मनाने चांगला होता. पण सनईवाल्याला त्याच्या शेजारी बसून जितकं एकटं वाटायचं, तितकं पडवीत एकट्याने बसूनही वाटायचं नाही.

अशी बरीच वर्षं गेली. एका सकाळी तो सगळी तान वेगात घेऊन थांबला आणि तसाच बसून राहिला. अनामिका वेळेवर उठली होती. त्याने पुन्हा घेतली. पुन्हा उठली. मग हळू घेतली, मग मध्यम, मग भरधाव. प्रत्येक स्वर दाण्यासारखा सुटा.

तो भोयांच्या म्होरक्याकडे गेला. "यंदा मला एकदा वाजवू द्या. आधी रिकामी पालखी घेऊन चढून बघा. मन मानलं तर देवी बसवा."

रिकामी पालखी चढली. पुन्हा चढवली. म्होरक्याचं मन मानलं. पालखीच्या दिवशी चढाची तान पुन्हा एकदा नगारखान्यातून निघाली आणि देवी एकही हिसका न बसता दारात पोचली. लोकांनी गुलाल उधळला, जयजयकार केला, प्रसाद घेतला आणि घरोघर गेले. तानेबद्दल कुणी काही बोललं नाही. पाय नीट पडले की तान कुणाच्या लक्षात राहते?

सनईवाल्याला त्याचं वाईट वाटलं नाही. त्याला एकाच माणसाला ती ऐकवायची होती. दुसऱ्याच दिवशी त्याने सनई पिशवीत घातली आणि काकांच्या लेकीच्या गावाची वाट धरली.

काका अंगणात बाजेवर बसले होते. फार थकले होते, पण ओळखलं त्यांनी. त्याला जवळ बसवलं, त्याची बोटं हातात घेऊन चाचपली.  सनईवाल्याने सरळ सनई काढली आणि चढाची तान घेतली. अशी तान त्याने पालखीलाही घेतली नव्हती. शेवटून दुसऱ्या फिरकीतला तो स्वर असा स्वच्छ निघाला, की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

काका हसले. "छान," ते म्हणाले. "अगदी बापासारखी."

सनईवाल्याने त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. इतक्या वर्षांचं सगळं ओझं उतरलं असं त्याला वाटलं.

तेवढ्यात लेक गूळपाणी घेऊन बाहेर आली. तिने वाकून वडिलांच्या कानाशी तोंड नेलं आणि मोठ्याने ओरडली, "बाबा! पाणी घेता का, पाणी?"

"अं? काय म्हणतेस?"

ती सनईवाल्याकडे वळून म्हणाली, "दादा, तुम्ही आलात ते बरं झालं. त्यांना तुमची फार आठवण यायची. फक्त दोन वर्षं झाली, काही ऐकू येत नाही हो त्यांना. एवढं ओरडलं तरी येत नाही."

ती आत गेली. सनईवाला काकांकडे बघत राहिला. काका त्याच्याकडे बघून प्रेमाने हसत होते.

त्याने पुन्हा सनई ओठांना लावली. पुन्हा चढाची तान घेतली, आणि शेवटून दुसऱ्या फिरकीत, मुद्दाम, अनामिका उशिरा उचलली. स्वर गिळला गेला. तो थांबला आणि श्वास धरून काकांच्या तोंडाकडे बघत बसला.

"छान," काका म्हणाले. "अगदी बापासारखी."

सनईवाल्याने मान डोलावली. काकांच्या पायावरचं पांघरूण सरकलं होतं ते त्याने नीट केलं. मग दिवस कलेपर्यंत तो त्यांच्याजवळ बसून राहिला.

गोष्टीचं तात्पर्य एवढंच: कौतुक कुठेही मिळतं, अगदी दगडाकडूनसुद्धा. आपण चुकलो की थांबवणारा माणूस एखादाच असतो, आणि त्याचे कान आपल्यासाठी कायम उघडे राहत नाहीत. तो शेजारी बसलेला आहे तोवरच त्याचं ऐकावं.